दुसऱ्या पट्टीवरची झील

गुरुवार, २८ नोव्हेंबर १९७४
बोरीटोला, पारशिवनीपासून आत

पोचलो. यंत्राला एकही ओरखडा न पडता पोचलो, हे सर्वांत आधी लिहून ठेवतो. एस.टी.च्या कंडक्टरचं म्हणणं होतं की पेटी टपावर टाका. मी म्हणालो, टपावर मी बसतो, पेटी इथं बसेल. सगळी गाडी हसली, पण पेटी कन्हानमार्गे पारशिवनीपर्यंत माझ्या मांडीवरच आली. पुढे भैयाजींनी बैलांची बंडी पाठवली होती. बंडीत तणसाची, म्हणजे भाताच्या वाळल्या पेंढ्याची गादी, तिच्यावर माझी घोंगडी, घोंगडीवर यंत्र, आणि मी मागून पायी. बंडी हाकणारा रुपराव म्हणाला की नव्या नवरीलाही कोणी इतकं जपून आणत नाही. त्याचा आवाज चांगला आहे, जाता जाता लक्षात घेतलं.

भैयाजी माझे जुने गिऱ्हाईक. नागपूरच्या गांधीबागेतल्या माझ्या दुकानाशिवाय ते आपला रेडिओ कोणाला उघडू देत नाहीत. इथं त्यांची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची तोडणी सुरू असल्यामुळे आसपासची गाणारी माणसं कामाच्या निमित्तानं एका ठिकाणी जमलेली आहेत. म्हणूनच हा मोसम धरला. मुंबईच्या एका ध्वनिमुद्रिका कंपनीचे साहेब पुढच्या शनिवारी नागपुरास येत आहेत. आपल्या भागातली गाणी, जागेवर जाऊन टिपलेली, त्यांना ऐकायची आहेत. माझ्याआधी त्यांनी डिग्रीवाल्यांना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की असलं काम स्टुडिओबाहेर धड होत नाही. मी कोणत्याही कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते बिघडलेल्या यंत्रांपासून शिकलो. मी साहेबांना एवढंच म्हणालो, ऐकवतो.

यंत्र जर्मन बनावटीचं, बॅटरीवर चालणारं. टेप एक, पण तिच्यावर शेजारी शेजारी दोन पट्ट्या. पहिल्या पट्टीवर एक आवाज घ्यायचा, मग तो हेडफोनवर ऐकत ऐकत दुसऱ्या पट्टीवर दुसरा. दोन्ही वेगळे राहतात. हवा तो चढवा, हवा तो उतरवा, नको तो पुसा. सोबतचा मिक्सर मी स्वतः बांधला आहे आणि त्यात खरखर नाही.

मुक्कामाला आणि कामाला संत्री भरण्याची कोठी मिळाली. पेट्यांत घालायचं तणस तीन भिंतींना छतापर्यंत रचलेलं आहे. मधोमध उभं राहून टाळी वाजवली. आवाज गेला आणि परत आलाच नाही. पैसे मोजून बांधून घेतली तरी अशी खोली मिळत नाही. भैयाजी दारातून पाहत होते. ते म्हणाले, शालिकराम, रिकाम्या खोलीत टाळ्या वाजवणारा पाहुणा पहिल्यांदाच आला.

आज मन फार प्रसन्न आहे.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

दिवसभर चाचण्या. सकाळी पोपटांचा गोंगाट, म्हणून काम दुपारच्या जेवणानंतर, मजूर पडलेले असताना. विहिरीवरचं इंजिन विनंती करून बंद ठेवलं. माइक तोंडापासून दीड हातावर ठेवला तर श्वास येतो, दोन हातांवर आवाज उघडा आणि गोल येतो. जमिनीवर तशी खूण केली.

आधी पुरुषांची दंडारीची, म्हणजे इकडच्या नाचत-गात करायच्या लोकनाट्याची, गाणी घेतली. मी हेडफोन चढवल्यावर भैयाजींनी विचारलं की बाशिंग बांधून कुठे निघाला. त्यावर जे हसू झालं तेही टेपवर आहे, आणि उत्तम आलं आहे.

मग जयवंताबाई आल्या. पन्नाशीच्या, संत्री निवडणाऱ्या बायकांत सर्वांत थोरल्या. सोबत धाकटी बहीण गोपिका. दोघी एकाच घरात दिलेल्या, सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. जयवंताबाई पुढं गातात, गोपिका झील धरते, म्हणजे ओळीचं शेपूट उचलून परत देते. माइक पाहून जयवंताबाई म्हणाल्या, “हे भरताचं वांगं काहून टांगलं गा भाऊ? याच्यात गाऊ का याले भाजू?”

त्यांचा आवाज. मी लाउडस्पीकर लावण्यात आयुष्य घालवलं, पुष्कळ नावाजलेले गळे जवळून ऐकले. असा नाही. खालच्या सुरात तो नदीच्या गोट्यासारखा थंड आणि जड आहे, आणि वर जाताना कुठेच चिरत नाही. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याकडून साधीच गाणी घेतली. भैयाजींनी सांगितलं की खरं गाणं वेगळंच आहे. त्याला बोलावणी म्हणतात. पेंच नदीच्या डोहात जे गेले आणि सापडले नाहीत त्यांना घरी बोलावण्यासाठी ते म्हणतात. ते या दोघींशिवाय आता कोणाला येत नाही.

मला ते हवं आहे.

शनिवार, ३० नोव्हेंबर

झालं. बोलावणी टेपवर आहे.

क्रमानं लिहितो. सकाळी दोघींना एकत्र बसवून पाहिलं. गोपिकाचा आवाज पातळ आणि टोकदार; ती झील धरायला आली की यंत्रावरची आवाज मोजणारी सुई लाल भागात जाते आणि जयवंताबाईंचा गळा खाली दबतो. उपाय माझ्या यंत्रातच होता. आधी जयवंताबाई एकट्या, पहिल्या पट्टीवर; गोपिकाची झील नंतर, दुसऱ्या पट्टीवर.

गोपिका नाही म्हणाली. ही बाई हट्टी आहे, पण बोलते थोडं. तिनं सांगितलं की बोलावणी एकटीनं म्हणत नाहीत. पुढचीनं हाक घातली की घरच्या माणसानं झील लगेच धरायची. “मानसानं हो नाई म्हटलं, तं दुसरं कोनीतरी म्हनते.”

मी तिला समजावलं की झील रद्द करत नाही आहोत, फक्त थोडी मागाहून घेत आहोत. यंत्राला आधी काय आणि मागाहून काय सारखंच. तिला ते पटलं नाही. मग मी तिला सोडून जयवंताबाईंकडे वळलो. त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि काल घेतलेलं त्यांचंच गाणं लावलं.

गाणं संपेपर्यंत त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. मग बहिणीकडे वळून म्हणाल्या, “हे मी आहो का वं? अशी गाते मी?” डोळ्यांत पाणी होतं आणि तोंड पदरानं झाकून हसत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला. मी त्याच क्षणी म्हणालो की बोलावणी यापेक्षा चांगली येईल. त्या हो म्हणाल्या. गोपिकाला मी बागेच्या दुसऱ्या टोकाला निवडणीवर पाठवलं.

“पान्याखालच्या पाव्हन्या, पाट टाकला दाराशी.” अशी सुरुवात. प्रत्येक ओळीनंतर जयवंताबाई सवयीनं झिलेपुरती जागा मोकळी सोडत होत्या. त्या जागेत तणसाच्या भिंतींमुळे इतकी निखळ शांतता आली आहे की मी पुन्हा पुन्हा सुईकडे पाहत होतो. पार शून्यावर.

दिवेलागणीला गोपिका झील द्यायला आली. दारात उभी राहिली. मला बॅटरी वाचवायची होती आणि खरं म्हणजे जयवंताबाईंचा आवाज आणखी एकदा एकट्यानं, निवांत ऐकायचा होता. मी तिला उद्या ये म्हणालो. ती तशीच उभी होती. मी पुन्हा म्हणालो, उद्या.

रविवार, १ डिसेंबर

एक गोष्ट जशीच्या तशी नोंदवतो.

सकाळी टेप ऐकताना दुसऱ्या पट्टीची सुई हलली. या पट्टीवर मी काहीही घेतलेलं नाही. तिचा माइक कालभर डबीतून बाहेरही काढला नव्हता. तरी जयवंताबाईंची ओळ संपली की मोकळ्या जागेत सुई उचलते आणि हेडफोनच्या उजव्या कानात बारीक आवाज येतो. “टाकला दाराशी.”

पहिला विचार, एका पट्टीचा आवाज दुसरीत गळतो आहे. पण गळती असती तर तो जयवंताबाईंचा आवाज असता, आणि त्यांच्यासोबतच आला असता. हा वेगळा आहे आणि त्यांच्यामागून येतो. तेव्हा दुसरा विचार, गोपिका. हट्टी बाई, खिडकीशी येऊन गुपचूप झील धरली असणार. त्या आवाजाचा पातळपणाही तिच्यासारखा वाटला. डबीत ठेवलेल्या माइकमधून तो आत कसा गेला, हे मी स्वतःला विचारलं नाही. लिहिताना आता लक्षात येतं आहे.

मी तिला सगळ्या बायकांसमोर खोटारडी म्हणालो. तिच्या बाजूनं बाकीच्या बोलल्या. एक जण म्हणाली की काल दुपारभर गोपिका आमच्यात बसून निवडणी करून राहिली होती, आणि दिवेलागणीपर्यंत जागची हलली नाही.

मग तिला कोठीत बसवलं. झील घेऊन टाकू, म्हणजे प्रश्न मिटला. तिनं हेडफोन चढवला. पहिली ओळ गेली. तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दुसरी ओळ गेली. तिनं हेडफोन काढून तणसावर ठेवला, जपून, जणू त्यात काही भरलेलं आहे.

“इथं जागा खाली नाई भाऊ. कोनीतरी झील धरून राहिलं.”

काल दिवेलागणीला जागा रिकामी होती. काल ती दारात उभी होती.

सोमवार, २ डिसेंबर

जयवंताबाई कामावर आल्या नाहीत. गोपिका आली आणि माझ्यासमोर बसली. सकाळी जयवंताबाईंनी अंगणातून शेळीला हाक मारली. हाकेचं शेपूट पडवीतून कोणीतरी परत दिलं. त्यांना वाटलं, शेजारचं पोर चेष्टा करतं आहे. मग त्यांनी नवऱ्याला पाणी विचारलं, ते शेपूटही चुलीमागून आलं. त्या तेव्हापासून बोलल्या नाहीत.

गोपिकाचं म्हणणं सरळ होतं. हाक अजून तुमच्या टेपेवर उघडी पडली आहे. ती पुसा, म्हणजे हाकच घातली नाही असं होईल.

मी हो म्हणालो.

संध्याकाळी दोघी बहिणी आल्या. मी टेप चढवली, पुसण्याचं बटण दाबून ती शेवटपर्यंत फिरवली, आणि परत लावून दाखवली. सुई शून्यावर. जयवंताबाईंनी हात जोडले.

ती टेप दंडारीची होती. शुक्रवारची.

बोलावणीची टेप माझ्या घोंगडीत गुंडाळलेली आहे. मी असं का केलं, याचं कारण मला ठाऊक आहे. ते लिहायला लाज वाटते. साहेब शनिवारी येणार आहेत. असा आवाज मला पुन्हा मिळणार नाही. आणि मी स्वतःला हेच सांगतो आहे की बायकांच्या मनाचे खेळ आहेत, पुसलं असं वाटलं की थांबतील.

मंगळवार, ३ डिसेंबर

थांबलेले नाहीत.

दुपारी जयवंताबाई माझ्यासाठी जेवण घेऊन आल्या. ज्वारीची भाकर, आणि भरीत. वांग्याची चेष्टा केली होती म्हणून मुद्दाम भाजून आणलं, असं खुणेनं सांगितलं. मी सुटका केली असं त्यांना वाटतं. ताट ठेवून त्यांनी बऱ्याच वेळानं, धीर करून तोंड उघडलं.

“जेवा भाऊ.”

“...वा भाऊ,” माझ्या पाठीमागच्या तणसातून आलं.

भरदुपार होती. दारातून ऊन आत आलेलं होतं. मी वळून पाहिलं. तणस होतं, दुसरं काही नाही. तो आवाज आता पातळ राहिलेला नाही. जयवंताबाईंचाच झाला आहे, फक्त ओला.

त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यांना वाटलं, यंत्रानं नीट पुसलं नाही. माझ्यावर संशय नव्हता. पदर तोंडात धरून त्या गेल्या.

मी जेवलो नाही. भरीत तसंच पडून आहे. त्याच्याकडे पाहवत नाही.

बुधवार, ४ डिसेंबर

पहाटेपासून जयवंताबाई बागेलगतच्या आपल्या घरात गात आहेत. त्यांना गायचं नाही. एका ओळीवर झील आली की पुढची ओळ म्हणावीच लागते, तोंड आपोआप उघडतं. गाणं संपलं की पहिल्यापासून. गोपिका शेजारी बसून झील आधी धरू पाहते, पण ते दरवेळी तिच्या पुढं असतं. भैयाजींनी निवडणी बंद ठेवली. माणसं बागेच्या कडेला उभी आहेत, कोणी कोणाला हाक मारत नाही.

गळा फाटला आहे. तो गळा. मी कोठीत दार लावून बसलो तरी ऐकू येत होतं.

दुपारी घोंगडी सोडली. बोलावणीची टेप चढवली. पुसलं.

सगळं लिहायचं तर हेही लिहितो. फक्त पहिली पट्टी पुसली. वचन जयवंताबाईंची हाक पुसण्याचं होतं आणि हाक पहिल्या पट्टीवर होती. दुसरी ठेवली. मनात आलं, जगात कोणी कधी अशी झील टिपली नसेल. एवढं सगळं झाल्यावरही मनात हे आलं.

टेप सरकत गेली तसं बाहेरचं गाणं एकेक ओळ कमी होत थांबलं. मी सुटलो म्हणून खाली बसलो. खरंच हसलो.

मग गोपिकाचा आवाज आला, नुसता बहिणीचं नाव घेणारा. परत परत.

गुरुवार, ५ डिसेंबर

जयवंताबाईंचा आवाज गेला.

बसला असं नाही. गेला. तोंड हलतं, गळ्याची शीर हलते, बाहेर काही येत नाही. खोकल्या तरी आवाज नाही. भैयाजी पारशिवनीच्या डॉक्टरांना घेऊन आले. ते म्हणाले, गळा ठीक आहे. मला कळलं. मी पुसला. माझ्या हातानं, बटण दाबून.

गोपिकाला सगळं सांगितलं. दंडारीची टेप, घोंगडी, दुसरी पट्टी. वाटलं होतं मारेल. ती ऐकत राहिली.

दुसरी पट्टी पुसून पाहिली. पुसली जात नाही. सुई शून्यावर, तरी कानात आहे. टेप चुलीत घातली. बॅटऱ्या काढून विहिरीत टाकल्या.

तणसातून येतच आहे. मोकळी जागा, मग झील. मोकळी जागा, मग झील. मोकळी जागा एका ओळीएवढी. जयवंताबाईंच्या ओळीएवढी. ते वाट पाहतं.

गोपिका म्हणाली, “पुढं गानारं कोनी पायजे त्याले. माह्या बहिनीचं गानं तुमी पुसलं. आता तिचं बोलनं धरून बसलं ते. दुसरं कोनी भेटल्याबिगर सोडनार नाई.”

आणि मी काय केलं — बंडीवाल्या रुपरावला बोलावलं. आवाज चांगला आहे ना. त्याला म्हणालो, एक ओळ म्हणून दाखव. कशाबद्दल ते सांगितलं नाही. त्याला कोठीच्या मधोमध उभा केला. तो घसा साफ करत होता, एवढ्यात त्याच्या बायकोनं बाहेरून जेवायला हाक मारली. तो “आलो वं” म्हणाला. किती सहज. हाक आली, माणसानं ओ दिली.

मी म्हणालो, जा. जेव.

मी कसला माणूस आहे.

शुक्रवार, ६ डिसेंबर

सकाळ. सगळ्यांना बाहेर काढलं. आतून कडी लावली. पुढं मीच गाणार. गोपिकाला सांगितलं, काहीही झालं तरी जयवंताबाईंना इकडे —

माइक नाही, यंत्र नाही. त्याला लागत नाहीत. कधीच लागत नव्हते.

दोन ओळींच्या मध्ये लिहितो आहे.

पहिली ओळ म्हटली. माझा गळा घोगरा, पण सूर बरोबर लागला. पान्याखालच्या पाव्हन्या —

झील आली. माझ्याच आवाजात. खालून. अगदी बरोबर.

दुसरी म्हटली. तिसरी.

बाहेर कोणीतरी रडतंय. नाही, बोलतंय. जयवंताबाई. “पानी दे वं” म्हणाल्या. ऐकलं मी. पूर्ण वाक्य, आणि त्याचं शेपूट कोणी उचललं नाही. त्यांचं त्यांना परत मिळालं. हे नीट लिहून ठेवा कोणी —

चौथी.

पाचवी येत नाही. मला शब्द येत नाहीत. इतक्यांदा लावली टेप, मी शब्द ऐकले कुठे, सुई पाहत होतो.

दारावर थाप. जयवंताबाई. ओळ त्यांना येते. सांगू म्हणतात. नको. त्यांनी म्हटली तर पुन्हा त्यांनाच — ओरडायला गेलो, नको म्हणून. आवाज निघत नाही. ओळीशिवाय दुसरं काही निघत नाही.

लाथ मारून दार हलवलं. त्यांना कळलं असावं. गप्प झाल्या.

झील संपली. थांबलंय. माझी पाळी. तणस हलतंय, समोरचं, उजवीकडचं —

काहीतरी म्हणायलाच हवं. दुसरं काही सुचलं नाही. ओळीच्या जागी मी माझं नाव म्हणालो. ते निघालं.

त्यानं ते धरलं.

आता शांत आहे. बाहेरून गोपिका हाक मारते आहे, शालिकरामभाऊ, भाऊ ओ द्या. देतो. तोंड उघडलं आहे. पण माझ्याआधी, माझ्या पाठीमागून, माझ्याच आवाजात